व्हेल्ड शॅमेलिऑनचं पिल्लू येतंय: पिंजऱ्याची मांडणी तपासून द्या

उपनगरी

नमस्कार मंडळी,

दहा दिवसांनी व्हेल्ड शॅमेलिऑनचं (झाडावर राहणाऱ्या, रंग बदलणाऱ्या सरड्याचं) पिल्लू घरी येणार आहे. वय तीन महिने. पैदास करणाऱ्याकडूनच घेतोय, रानातून धरलेलं नाही. राहणं शिकागोच्या उपनगरात, म्हणजे नोव्हेंबर ते मार्च घरात फर्नेस (घर गरम ठेवणारी भट्टी) चालू आणि हवा कोरडी ठाक. दुकानातून 'सुरुवातीचा संच' म्हणून हे सामान आणलंय:

- २० गॅलनची उंच काचेची टाकी, २४ × १२ × १६ इंच, वर जाळीचं झाकण
- १३ वॉटचा पिळाचा यूव्हीबी (अतिनील किरणांचा) बल्ब
- १०० वॉटचा लाल दिवा (खोक्यावर 'दिवसरात्र चालतो' असं छापलंय)
- प्लास्टिकच्या दोन वेली, एक जाडसर लाकडाचा ओंडका
- तळाला पसरायला नारळाच्या भुशाची वीट
- पाण्याची वाटी, काचेला चिकटवायचा तबकडीवाला तापमापक

प्रश्न असे:

१. पिल्लू लहान आहे तोवर ही टाकी चालेल का, की पहिल्यापासून मोठा पिंजरा घ्यावा?
२. दिवे किती अंतरावर?
३. हिवाळ्यात दमटपणा टिकवायचा कसा?
४. पिल्लू आल्यावर खाणं कसं द्यायचं?

सामान परत करायला अजून आठवडा आहे, तेव्हा स्पष्ट सांगितलं तरी चालेल.

---

पानाआड

स्पष्टच सांगतो. पावती शोधा आणि सगळं परत करा. ओंडका ठेवायचा तर ठेवा, कुंडीला टेकू म्हणून उपयोगी पडेल.

एकेक घेऊ.

टाकी. १६ इंच उंचीत वर ऊब आणि खाली गारवा अशी उतरण मिळतच नाही. शॅमेलिऑन आपलं तापमान वर-खाली चढून सांभाळतो. टाकीत तो कुठेही गेला तरी दिव्याखालीच असतो. शिवाय चारही बाजूंनी काच, त्यात स्वतःचं प्रतिबिंब दिसतं. हे प्राणी एकलकोंडे आहेत, दुसरा शॅमेलिऑन दिसला की रंग काळवंडतो, अंग फुगवून उभे राहतात. दिवसभर समोर 'दुसरा' दिसत राहिला तर पिल्लू खाणं सोडतं. याच कारणासाठी दोन पिल्लं एकत्र कधीच नाहीत, भावंडं असली तरी.

अॅल्युमिनियमच्या जाळीचा पिंजरा घ्या, २४ × २४ × ४८ इंच. मोठ्या नराला तेवढा लागणारच. फायबरची काळी जाळी नको, क्रिकेट (खाऊ म्हणून द्यायचे रातकिडे) एका रात्रीत ती कुरतडून बाहेर पडतात. पिंजरा तिवईवर किंवा मजबूत टेबलावर ठेवा, वरचं टोक तुमच्या डोळ्यांच्या वर गेलं पाहिजे. वरून खाली वाकून बघणारा प्राणी म्हणजे शिकारी, एवढंच त्याला कळतं. फर्नेसची झडप, पंखा, टीव्ही आणि माणसांची ये-जा असलेला दरवाजा यांपासून लांब, आणि शक्यतो दोन भिंतींच्या कोपऱ्यात.

यूव्हीबी. पिळाच्या बल्बाचा प्रकाश मुठीएवढ्या जागेत पडतो, पिल्लू सहा इंच बाजूला सरकलं की त्याला काहीच मिळत नाही. सरळ नळी घ्या: टी-५ हाय आउटपुट, २४ वॉट, २२ इंचाची, परावर्तक असलेल्या पट्टीत. आर्केडिया कंपनीची ६ टक्के किंवा झू मेड कंपनीची रेप्टीसन ५.०, दोन्ही चालतात. १०.० किंवा १२ टक्के वाळवंटी प्राण्यांसाठी, त्या नकोत. पट्टी जाळीच्या छतावर ठेवायची आणि ऊन खायची सर्वांत वरची फांदी छतापासून ८ ते ९ इंच खाली बांधायची. तिथे यूव्ही निर्देशांक साधारण ३ मिळतो, आपल्याला तेवढाच हवा. जाळी स्वतः बराच यूव्हीबी अडवते, हे अंतर जाळी धरूनच सांगितलंय. मधे काच किंवा ऍक्रिलिक आलं तर यूव्हीबी शून्य समजा. खिडकीत ठेवलं की 'ऊन मिळतं' हा गैरसमज त्यातलाच.

नळी डोळ्यांना झगझगीत दिसत राहते, पण यूव्हीबी उतरतो. वर्षाने बदला आणि बसवल्याची तारीख पट्टीवर पेनाने लिहून ठेवा. सोलारमीटर ६.५ हे यूव्ही निर्देशांक मोजायचं यंत्र महाग आहे, कुणाचं मागून आणता आलं तर एकदा मोजून घ्या.

लाल दिवा. हा माणसाला रात्री सरडा बघता यावा म्हणून निघालेला प्रकार आहे, सरड्याचा त्यात काही फायदा नाही. शॅमेलिऑनला लाल दिसतो, झोप मोडते. रात्री पूर्ण अंधार, १२ तास. आणि १०० वॉट तर पिल्लाला भाजून काढेल. ४० वॉटचा साधा पांढरा बास्किंग (ऊन खायचा) बल्ब घ्या, सोबत डिमर (दिवा कमी-जास्त करायचं बटण).

पिल्लासाठी वरच्या फांदीवर २७ ते २८ सेल्सियस, म्हणजे ८० ते ८२ फॅरनहाइट. त्याहून जास्त नको. जुन्या माहितीपत्रकांत ९५ ते १०० फॅरनहाइट लिहिलेलं सापडेल, ते विसरा. पिल्लाचं अंग एवढंसं, मिनिटांत तापतं आणि तासाभरात सुकतं. मोठा नर झाला की ८५ फॅरनहाइटपर्यंत न्यायचं, मादीला कायम ८० च. आकडा पिल्लाची पाठ जिथे येणार तिथे मोजायचा, तारेच्या टोकाला सेन्सर असलेल्या डिजिटल मापकाने. तबकडीवाला मापक काचेचं तापमान सांगतो, तेही चुकीचं.

बल्बाचं भांडं जाळीवर थेट टेकवू नका. पिल्लं छताला उलटी लटकतात आणि पोट भाजून घेतात. उष्णता वरून येतेय हे त्यांच्या लक्षात यायला उशीर होतो. भांडं जाळीच्या वर दोन-तीन इंच टांगा. पुढे डोक्यावरचा तुरा वाढला की तोच दिव्याच्या सर्वांत जवळ येतो. दर महिन्याला अंतर पुन्हा बघा. तुऱ्याच्या टोकाला राखाडी-पांढरा चट्टा दिसला तर तो भाजल्याचा.

फांद्या. इथे लोक सगळ्यात जास्त चुकतात. पिल्लाच्या पंजाला पेन्सिलीएवढी किंवा त्याहून बारीक काठी लागते, ४ ते ८ मिलिमीटर. तुमच्या ओंडक्यावर ते घसरेल. गुळगुळीत बांबूही नको. मेपल किंवा ओकच्या वाळक्या काटक्या आणा, गरम पाण्याने ब्रशने घासा, वाळवा. पाइनसारखी चिकाची झाडं टाळा. आडव्या फांद्यांचे मजले करा, दर चार-सहा इंचांवर एक, आणि तळापासून दिव्यापर्यंत एक तिरका सलग रस्ता ठेवाच. पिल्लं पडतात. पडलेल्याला वर यायला वाट नसेल तर ते जाळीला नखं अडकवत चढतं आणि नख उपटून घेतं.

नुसत्या जाळीला वजन बांधलं तर ती फाटते. चौकटीत आडवे लाकडी दांडे बाहेरून स्क्रूने बसवा, मग फांद्या आणि कुंड्या त्यांना झिप-टायने बांधा. झिप-टायची कापलेली टोकं धारदार राहतात, ती बाहेरच्या बाजूला वळवा.

प्लास्टिकच्या वेली. व्हेल्ड पानं खातो. प्लास्टिकचं पान गिळलं तर आतड्यात अडकतं. खरीच झाडं हवीत: मनीप्लांट, शेफ्लेरा, जास्वंद, फायकस बेंजामिना. कण्हेर आणि डिफेनबाखिया घरातही त्याच खोलीत नको. मनीप्लांट कुरतडतील, चिकामुळे माणसाच्या तोंडाला आग होते म्हणून घाबरू नका, व्हेल्डला वर्षानुवर्षं मनीप्लांटमध्येच ठेवतात. खरा धोका रोपवाटिकेतल्या कीटकनाशकाचा. इमिडाक्लोप्रिडसारखं औषध मुळातून पानांत शिरतं आणि धुऊन जात नाही. कुंडीवरचं लेबल वाचा, तसं काही दिसलं तर ते रोप घेऊच नका. बाकीची पानं दोन्ही बाजूंनी धुवा, जुनी माती झाडून नव्या साध्या मातीत लावा. मातीत पर्लाइटचे पांढरे गोळे आणि खताचे दाणे नकोत, दोन्ही उचलून खाल्ले जातात. वर पिल्लाच्या डोक्याहून मोठे गोटे.

झाडं जगवायला यूव्हीबी नळी पुरत नाही. ६५०० केल्व्हिनची एलईडी पट्टी शेजारी लावा.

नारळाचा भुसा. काहीच नको. तळ उघडा, पहिले काही आठवडे वर पेपर टॉवेल. विष्ठा नीट दिसते: पांढरा भाग पांढराच हवा. पिवळट-नारिंगी झाला तर पाणी कमी पडतंय.

पाण्याचं 'दहिवर' सांगतील, त्यांचा तो आवडता विषय आहे :)

---

दहिवर

आवडता आहेच, कारण पिल्लं भुकेने क्वचित मरतात, पाण्याने मरतात. कमी पाण्यानेही आणि जास्त पाण्यानेही.

हा प्राणी येमेन आणि सौदी अरेबियाच्या नैर्ऋत्य डोंगराळ भागातला. तिथे दिवसा कोरडं असतं, पण रात्री धुकं उतरतं आणि पहाटे पानांवर दव. झोपेत श्वासावाटे ओलावा मिळतो, सकाळी दव चाटलं जातं. पिंजऱ्यातही हेच चक्र चालवायचं. वाटीतलं साचलेलं पाणी त्याला पाणी म्हणून ओळखूच येत नाही, वाटीपाशी तहानेने सुकलेलं पिल्लू सापडतं. वाटी परत करा.

वेळापत्रक असं ठेवा (दिवे सकाळी ७ ते संध्याकाळी ७ धरून):

- पहाटे ६.३० ला, अंधारातच, फवारा २ मिनिटं
- दुपारी २ च्या सुमारास ठिबक १० ते १५ मिनिटं, सेकंदाला साधारण एक थेंब, रुंद पानावर पडेल असा
- संध्याकाळी दिवे गेल्यावर फवारा २ मिनिटं
- रात्री १ ते ५ धुकं, १५ मिनिटं चालू, १५ बंद

दमटपणा दिवसा ३० ते ५० टक्के, रात्री ८० च्या वर.

धुक्याला एक अट आहे. खोली रात्री २० सेल्सियसच्या खाली हवी, म्हणजे ६८ फॅरनहाइटच्या आत. गार दमट हवा चालते. उबदार, दमट आणि कोंदट हवेत छातीचा संसर्ग होतो: तोंड उघडं ठेवून मान वर करून श्वास, चिकट लाळ, झोपेत टकटक आवाज. फर्नेसचा थर्मोस्टॅट रात्री १८ वर आणा. वेगळं गरम करायची गरज नाही, १५ च्या खाली जात नसेल तर.

फवारा हाताच्या बाटलीने नको. थेंब मोठे पडतात, पिल्लू दचकतं, आणि २ मिनिटं बाटली दाबत उभं कोण राहणार? मिस्टकिंगसारखा पंपवाला घ्या, दोन नोझल, वरच्या दोन कोपऱ्यांत, तोंड पानांकडे. नोझलचं पाणी तापलेल्या बल्बावर गेलं तर काच फुटते, म्हणून दिवे बंद असतानाच फवारायचं. फवाऱ्यात आणि धुक्याच्या यंत्रात डिस्टिल्ड किंवा आरओचं पाणी. नळाच्या पाण्याने नोझल महिन्यात चुन्याने बुजतं. धुक्याचं यंत्र दर आठवड्याला रिकामं करून घासून वाळवा, नाहीतर टाकीतला शेवाळी थर धुक्यातून थेट फुप्फुसात.

आता शिकागो. हिवाळ्यात घरातला दमटपणा २० टक्क्यांवर येतो, आणि नुसत्या जाळीच्या पिंजऱ्यात तुम्ही कितीही धुकं सोडा, ते बैठकीच्या खोलीत जाणार. दोन्ही बाजू आणि पाठ झाका, बाहेरून. चार मिलिमीटरचा पन्हाळी पॉलिकार्बोनेट उत्तम, स्वस्तात करायचं तर शॉवरचा पारदर्शक पडदा. बाहेरून लावल्याने मधे जाळी राहते, प्रतिबिंब दिसत नाही. समोरचं दार आणि छत उघडंच. खालच्या अंगाला समोर चार इंचांची जाळी मोकळी राहू द्या. वर दिव्याने हवा तापून निघून जाते, खालून ताजी आत ओढली जाते, चुलीच्या धुराड्यासारखं. हा प्रवाह थांबला की बुरशी.

निचरा आधी करा, नंतर करायचं म्हटलं की पिंजरा रिकामा करावा लागतो. तळाच्या पीव्हीसी पत्र्याच्या मध्यभागी अर्ध्या इंचाचं भोक, त्यात नळीचं कनेक्टर, खाली ५ गॅलनची बादली. भोकावर बारीक जाळी लावायला विसरू नका, नाहीतर बादलीत क्रिकेटची पोहण्याची स्पर्धा भरते.

---

नेमबाज

वरच्या दोघांशी बहुतेक सहमत. फक्त 'थेट ४८ इंची' हे सरसकट सांगू नये. अंड्यातून नुकतंच निघालेलं पिल्लू एवढ्या पिंजऱ्यात हरवतं, खाणं त्याच्यापर्यंत पोचत नाही. दोन महिन्यांपर्यंत १६ × १६ × २० किंवा १६ × १६ × ३० बरा, आणि त्यात फळमाश्या सोडायच्या. तुमचं तीन महिन्यांचं आहे, नीट खाणारं असेल तर थेट मोठा पिंजरा चालेल, पण दोन अटींवर: झाडी दाट हवी आणि खाणं ठरलेल्या एकाच जागी मिळायला हवं.

ती जागा अशी बनवा. साधारण लिटरभर मापाचा अपारदर्शक डबा. पारदर्शक घेतला तर पिल्लू बाहेरून किड्यावर जीभ मारतं, ती प्लास्टिकवर आपटते, दोन-चारदा असं झालं की डब्याकडे बघत नाही. आतल्या मागच्या भिंतीला जाळीचा तुकडा चिकटवा, म्हणजे क्रिकेट वर चढून दिसतात. डबा फांदीच्या टोकापासून तीन-चार इंचांवर, तोंड फांदीकडे किंचित कललेलं. रोज त्याच जागी, वरच्या तिसऱ्या हिश्श्यात.

किडा किती मोठा? पिल्लाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा लांब नको. तीन महिन्यांना पाव इंची क्रिकेट. दिवसात १५ ते २०, सकाळी एकदा, दुपारी एकदा. त्याला पाऊण तासात जेवढं खाता येईल तेवढंच. सहा महिन्यांपर्यंत हळूहळू ८ ते १० वर या, वर्षाला दिवसाआड ३ ते ५. पिल्लाला भूक असते म्हणून पुढेही तसंच चारत राहिलात तर लठ्ठ होतो, मादी असेल तर अंडी जास्त होतात.

रात्री पिंजऱ्यात एकही क्रिकेट मोकळा नको. ते झोपलेल्या पिल्लाच्या पापण्या आणि शेपटीचं टोक कुरतडतात. उरलेले संध्याकाळी उचला.

किड्यांना पिल्लाला देण्याआधी चोवीस तास नीट खायला घाला: मोहरीची पानं, डँडेलियन, गाजर, भोपळा. पालक टाळा, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. मग पिशवीत घालून चिमूटभर भुकटी लावा, किडा धुळकट दिसावा, पिठात घोळलेल्या बोंबलासारखा नाही:

- साधं कॅल्शियम, जीवनसत्त्व डी-३ नसलेलं, फॉस्फरस नसलेलं: जवळजवळ प्रत्येक खेपेला
- डी-३ आणि जीवनसत्त्व 'अ' असलेली बहुजीवनसत्त्वं: पंधरा दिवसांतून एकदा

डी-३ रोज दिलं तर अंगात साठतं, गळ्याखाली पाण्याच्या पिशव्या लोंबतात. आणि यूव्हीबी किंवा कॅल्शियम कमी पडलं तर हाडं मऊ: पुढचे पाय कमानीसारखे वाकतात, जबडा नीट मिटत नाही, जीभ अर्ध्यात पडते, पकड सुटते. वाकलेलं हाड पुन्हा सरळ होत नाही. अशी पहिली खूण दिसली की सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या डॉक्टरकडे त्याच आठवड्यात.

---

उपनगरी

सगळ्यांचे आभार. संच परत केला. २४ × २४ × ४८ जाळी, ६ टक्क्यांची टी-५ पट्टी, मिस्टर (फवाऱ्याचा पंप), फॉगर (धुक्याचं यंत्र), निचरा, झाडं: एक शेफ्लेरा, तीन मनीप्लांट, एक फायकस. रिकामा पिंजरा दोन दिवस चालवून आकडे घेतले:

- वरची फांदी छतापासून ८ इंच. बल्ब ६० वॉट (४० मिळाला नाही), भांडं जाळीवरच. फांदीवर ३४ सेल्सियस
- दिवसा दमटपणा २१, रात्री ४८
- धुकं वरून सोडलं तरी सरळ खाली सांडून बाहेर जातं
- फायकसची पानं गळू लागलीत

---

पानाआड

रिकामा चालवलात हे उत्तम केलंत. पिल्लू आत असतं तर पहिल्याच दुपारी ३४ मध्ये तोंड वासून बसलं असतं. तोंड उघडं आणि रंग फिकट म्हणजे तापलंय. सकाळी गडद रंग आणि अंग चपटं करून दिव्याकडे कूस म्हणजे नुसतं ऊन खातंय, त्याची काळजी नको.

६० वॉट चालेल. भांडं चार इंच उचला, डिमर खाली आणा, २८ येईपर्यंत. प्रत्येक बदलानंतर अर्धा तास थांबून मग वाचा. फांदी हलवू नका, यूव्हीबीचं अंतर तिथे जमलंय. बल्ब आणि नळी शेजारीशेजारी, एकाच फांदीवर पडतील असे. ऊब एकीकडे आणि यूव्हीबी दुसरीकडे असेल तर पिल्लू उबेकडे जाईल आणि यूव्हीबीला मुकेल. बल्ब सकाळी तीन-चार तास पुरे, नळी आणि एलईडी बारा तास.

फायकस जागा बदलली की रुसतोच. पाणी वाढवू नका, एलईडीखाली सरकवा, पालवी फुटेल. नाहीच फुटली तर फांद्या तशाही उपयोगी.

---

दहिवर

तीन बाजू अजून झाकल्या नाहीत ना? ४८ वरूनच कळलं. झाका, मग पुन्हा मोजा. धुक्याची नळी मागच्या कोपऱ्यातून, दाट मनीप्लांटच्या वर उतरवा. गार धुकं हवेपेक्षा जड असतं, खाली सांडणारच. पानांत अडकलं की मुरतं. मापकाचा सेन्सर पिंजऱ्याच्या मध्यावर टांगा, नोझलच्या माऱ्यात नको, ओला सेन्सर दिवसभर ९९ दाखवतो.

---

सह्यकाठी

धागा वाचला. आमच्याकडे साताऱ्याजवळ शेताच्या कुंपणावर सरडगुहिऱ्याचं पिल्लू दिसलंय. असाच पिंजरा करून ठेवलं तर?

---

पानाआड

नको. तो भारतीय शॅमेलिऑन, वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहे. पकडणं, पाळणं, विकणं, सगळं गुन्हा. शिवाय रानातलं पिल्लू पकडल्यावर खाणं सोडतं. कुंपणावरच राहू द्या, फवारणी करताना ते झुडूप वगळा. रस्त्यात आलं असेल तर काटकी पुढे धरा, ते चढेल, जवळच्याच झुडपावर सोडा. विषारी नाही, चावलं तरी जीव जाण्यासारखं काही नाही. आणि भारतात परदेशी जातीचा शॅमेलिऑन कुणी पाळत असेल तर तो बहुधा साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात येतो. २०२२ च्या कायदा दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांची सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. बिनकागदाचं पिल्लू स्वस्त मिळतंय म्हणून घेऊ नका.

---

उपनगरी

झाकल्यावरचे आकडे: फांदीवर २८, तळाशी २१. दिवसा ३४, रात्री ८६. पण सकाळी ११ वाजताही खालची पानं ओलीच दिसतात. आणि पैदास करणाऱ्याने नर की मादी सांगितलं नाही, फोटो पाठवलाय. मागच्या पायाच्या टाचेला बारीक काटा दिसतो तो हाच का?

---

दहिवर

११ ला ओली म्हणजे जास्त होतंय. दुपारपर्यंत सगळं कोरडं झालंच पाहिजे. संध्याकाळचा फवारा एका मिनिटावर आणा, पहाटेचा तसाच. तरी नाही सुकलं तर खालची मोकळी जाळी चारऐवजी सहा इंच करा. पायांवर फोड किंवा तपकिरी डाग दिसणं ही सततच्या ओलीची खूण.

---

नेमबाज

तोच काटा. व्हेल्डच्या नराला तो अंड्यातून निघतानाच असतो, मादीला नसतो. म्हणजे नर, आणि तुमचं एक काम वाचलं.

वाचणाऱ्या इतरांसाठी: काटा नसेल, म्हणजे मादी असेल, तर चार-पाच महिन्यांनंतर पिंजऱ्यात अंडी घालायची पेटी कायम हवी. मादी नराशिवायही अंडी घालते. १२ × १२ × १२ इंचांचा डबा, त्यात धुतलेली खेळाची वाळू, बोटाने बोगदा केला तर ढासळणार नाही इतपत ओली. पेटी नसली तर ती अंडी धरून बसते, त्यात मरते. ती खणत असताना समोरून बघू नका, माणूस दिसला की बोगदा अर्धवट सोडते.

---

पानाआड

आणायच्या दिवसाचं राहिलं. शक्यतो दुपारच्या आधी आणा, म्हणजे दिवे जायच्या आत त्याला पाणी आणि झोपायची फांदी सापडते. गाडीत हीटरची झोत खोक्यावर नको, खोकं पायाशी. घरी आल्यावर खोकं उघडून वरच्या फांदीला टेकवा आणि बाजूला व्हा, ते स्वतः चढेल. हाताने काढू नका. समोरच्या दारावर आठवडाभर अर्धा पडदा टाका. पहिले दोन दिवस खाल्लं नाही तरी चालेल. तिसऱ्या दिवशीही डबा तसाच भरलेला असेल, किंवा दिवसा डोळे मिटून बसत असेल, तर डॉक्टर. ताज्या विष्ठेचा नमुना जंतांसाठी पहिल्या पंधरवड्यात तपासून घ्या, तो डबीत ओलसर कागदावर, त्याच दिवशीचा.